लॉकर घ्यायचाय, पण बँकेतला नव्हे

गेले दोन-तीन महिने आमच्याकडच्या फोनवर 'लॉकर' हा शब्द इतक्यांदा ऐकू आला की मावशीने शेवटी आईला विचारलंच, "अगं, एवढं सोनं आलं कुठून यांच्याकडे?" तर मावशी, आणि हे वाचणारे बाकीचे सात-आठ नातेवाईक अधिक नेहमीचे ब्लॉगवाले दोस्त, सर्वांसाठी खुलासा. हा लॉकर जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, डिफरन्शियलमध्ये बसतो. सोन्याशी त्याचा संबंध एवढाच की तो घेतला तर यंदा सोनं घ्यायला पैसे उरत नाहीत.

कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा इतिहास खणायची मला खोड आहे. (मिक्सर घेतानाही केलं होतं. तीन आठवडे चटणी पाट्यावर वाटली गेली.) पण या वेळी खणल्याचा खरोखरच उपयोग झाला, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिचा आस फिरत नाही, चाकं त्याच्यावर आपापली फिरतात. वळताना आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, कुणी कुणाला विचारत नाही. ओढायचं काम बैलांचं, चाकं नुसती मागून येतात. भानगड सुरू होते ती चाकांनीच गाडी ढकलायची म्हटल्यावर. मग इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना द्यायला लागतो, आणि एकाच दांड्यावर दोन्ही पक्की बसवली की वळताना दोघांची ओढाताण.

ही ओढाताण किती, त्याचा हिशोब शाळेतल्या भूमितीने होतो. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. घाटातलं वळण म्हणजे साधारण अर्धं वर्तुळ. तेवढ्यात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पाय गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ ४.७ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण मोठं असो वा लहान, आकडा तोच. जीपच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे प्रत्येक वळणाला बाहेरच्या चाकाला दोन फेऱ्या जास्त. वरंधा घाटातली वळणं मोजून बघा!

(आगगाडीची चाकं एकाच दांड्यावर पक्की असतात, तरी ती वळते. तिथे चाकांना उतरता आकार देऊन काम भागवलंय. तो वेगळा विषय, पुन्हा कधीतरी.)

या अडचणीवर पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर याने १८२७-२८च्या सुमारास तोडगा काढला आणि वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी पेटंट घेतलं. मूळचा घड्याळजी माणूस. मला हे फार आवडलं. दात्यांच्या चाकांची गुंतागुंत घड्याळजीशिवाय कोण सोसणार? पुढे १८७७मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जेम्स स्टार्ली याने तीच युक्ती तीनचाकी सायकलीत घातली. गोष्ट अशी सांगतात की बापलेक शेजारी-शेजारी बसून सायकल मारत होते. प्रत्येकाचं पेडल एकेका चाकाला जोडलेलं. मुलाच्या पायात जोर जास्त, त्यामुळे सायकल सारखी बापाच्या बाजूला वळायची, आणि शेवटी दोघं झुडपात! मग जोर दोन्ही चाकांना सारखा वाटणारे गिअर आले. १८८६मध्ये कार्ल बेंझने पेटंट घेतलेल्या मोटारीतही डिफरन्शियल होतं.

"सारखा वाटणारे" हे शब्द लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे. आपल्याकडे सर्रास म्हणतात की डिफरन्शियल सगळा जोर घसरणाऱ्या चाकाला देतं. तसं नाही, ते कटाक्षाने सारखी वाटणी करतं. आजीने नियम केला की दोन्ही नातवंडांना लाडू अगदी सारखा. धाकट्याने अर्धा खाऊन तोंड फिरवलं की थोरल्यालाही अर्धाच, मग तो कितीही भुकेला असो. चिखलातल्या चाकाला फिरायला जेमतेम जोर लागतो, म्हणून कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच जेमतेम मिळतो. एक चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. गाडी जागेवर.

आमच्या जीपमध्ये हेच साधं डिफरन्शियल आहे. आणि घरात गाडी एकच. सोमवार ते शुक्रवार बायको ती घेऊन चिंचवडला ऑफिसला जाते, शनिवारी आम्ही भोरच्या पुढे गावाला. बाबा तिथेच राहतात, पुण्यात यायला तयार नाहीत. शेवटचा दीड किलोमीटर चिकणमातीचा चढ. गेल्या वर्षी जुलैत रात्री अकराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना मागे बसवून निघालो, ओढ्यापाशी पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एकाच वेळी हलकं झालं. फोर-व्हील टाकलेलं होतं! पण पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरन्शियलं साधी असली की फोर-व्हील म्हणजे पुढे एक, मागे एक. शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टर आणून ओढून काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. बाबा निभावले, पण ती चाळीस मिनिटं काही डोक्यातून जात नाहीत. तेव्हा हा हौसेचा मामला नाही, हे मावशीने ध्यानात घ्यावं.

आता चाकं एकमेकांना बांधून टाकली की काम झालं, हे कुणालाही सुचेल. प्रश्न असा की ती कधी बांधायची आणि कधी सोडायची. आणि हे ठरवायचं कुणी? गेल्या नव्वद वर्षांचा लॉकरचा इतिहास मला तरी याच एका प्रश्नाचा इतिहास वाटतो.

पहिलं उत्तर आलं रेसच्या मैदानातून. १९३०च्या दशकात फर्डिनांड पोर्शने ऑटो युनियनसाठी रेसिंगची गाडी केली. ताकद इतकी की ताशी दीडशे किलोमीटरलाही एक मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. १९३५मध्ये त्याने झेडएफ कंपनीकडून घसरणं आटोक्यात ठेवणारं डिफरन्शियल करवून घेतलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत थॉर्नटनचं 'नो-स्पिन' आलं, तेच पुढे 'डेट्रॉइट लॉकर' म्हणून गाजलं. ते कायम बांधलेलं असतं. वळताना बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की त्या बाजूचे दाते सुटतात, वळण संपलं की 'खाड्' करून परत बसतात. (आणि ज्या जीपने त्याच युद्धात नाव कमावलं, सहा लाखांवर बनल्या, तिच्यात लॉकर नव्हता. साधी डिफरन्शियलं, हलकं वजन आणि ढकलायला चार सैनिक!)

मग जरा सभ्य प्रकार आले. १९५६च्या पॅकार्डमध्ये घर्षणाच्या चकत्या असलेलं डिफरन्शियल मिळायचं. आवाज नाही, झटका नाही, पण चकत्या झिजतात आणि तेलही खास लागतं. १९५८मध्ये व्हर्नन ग्लिझमनने वर्म गिअरवालं पेटंट घेतलं, तेच आज 'टॉर्सन' म्हणतात ते. पकड असलेल्या चाकाला ते दुसऱ्याच्या काही पट जोर देतं. रस्त्यावर त्याच्यासारखं सुख नाही. पण एक चाक हवेत लटकलं की त्याचा जोर शून्य, आणि शून्याची कितीही पट शून्यच. म्हणून हमवीचे चालक अशा वेळी ॲक्सिलरेटरबरोबर थोडा ब्रेकही दाबतात. हवेतल्या चाकाला खोटाच विरोध निर्माण करायचा, म्हणजे गुणायला काहीतरी मिळतं. काय डोकं आहे!

१९७३मध्ये ईटन कंपनीने जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी वेगळाच कारकून नेमला. आतमध्ये छोटी वजनं फिरतात. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की ती बाहेर फेकली जातात आणि चाकं बांधतात. गाडीचा वेग ताशी तीसेक किलोमीटरच्या वर असला तर बांधतच नाहीत. चालकाने काही करायचं नाही. आपल्याकडे २०१५च्या थारमध्ये आलेलं लॉकिंग डिफरन्शियल याच घराण्यातलं. रोजच्या गाडीला हे उत्तम, असं मलाही बरेच दिवस वाटत होतं. खटकलं ते एवढंच की आधी चाक गरगरायला हवं, मग ते जागं होणार. ओल्या चिकणमातीत चाक गरगरलं की टायरच्या खाचा भरतात आणि खड्डा पडतो. ज्या क्षणी मदत हवी त्याच्या थोडी नंतर ती येणार.

दुसरं घराणं म्हणतं, माणसाला ठरवू द्या. १९४८पासून बनणारं जर्मनीचं युनिमॉग मुळात शेतीसाठीच होतं. बटाट्याच्या दोन सरी मोजून त्याच्या चाकांतलं अंतर ठरवलं होतं. त्यात डिफरन्शियल लॉक होते. १९७९च्या मर्सिडीज जी-वॅगनमध्ये पुढे-मागे लॉक मिळायचे. आपल्या आकुर्डीच्या फोर्सच्या गुरखातही दोन्हीकडे लॉक आहेत. आणि खरं सांगायचं तर जर्मनीला जायचं कारणच नव्हतं. तात्यांच्या ट्रॅक्टरला टाचेजवळ एक पेडल आहे. काळ्या रानात एक चाक बसलं की तात्या ते दाबतात, बाहेर आले की सोडतात. वळायच्या आधी सोडायचं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

तात्यांच्याकडे आणखी एक युक्ती आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे. डावं गरगरलं की डावा ब्रेक हलकेच दाबायचा, जोर उजव्याकडे जातो. १९९७च्या मर्सिडीज एम-क्लासमध्ये संगणकाने नेमकं हेच केलं आणि त्याची केवढी जाहिरात झाली! आज बऱ्याच नव्या गाड्यांत ते असतं. माझ्या जीपला लागणार नाही, तिच्यात तसले सेन्सरच नाहीत.

राहिला तो हवेवर चालणारा. रॉबर्ट्स नावाच्या लॉकवरून ऑस्ट्रेलियाच्या एआरबीने १९८७मध्ये तो हाती घेतला. डॅशबोर्डवर बटण, छोटा कॉम्प्रेसर, बारीक नळी. बटण दाबलं की हवा आतला दट्ट्या सरकवते आणि डिफरन्शियल जाम. बंद केलं की गाडी पुन्हा कंपनीतून आली तशी. वीजचुंबकाने चालणारे त्याचे भाऊही आहेत. २०२४च्या थार रॉक्समध्ये मागे तसला आहे.

नेहमीच्या गॅरेजवाल्याचा आग्रह कायम बांधलेल्या स्वस्त प्रकाराचा होता. "साहेब, बटण नको, नळी नको, फिटिंग सोपं, विसरून जा." पण विसरता येत नाही हेच तर दुखणं. साध्या डिफरन्शियलचा एक गुण कुणी सांगत नाही. ओल्या उतरत्या रस्त्यावर जास्त गॅस दिला तर एकच मागचं चाक घसरतं आणि दुसरं मुकाट्याने गाडीची शेपटी धरून ठेवतं. चाकं बांधलेली असली की दोन्ही एकदम सुटतात, आणि रस्ता ज्या बाजूला कलता असेल तिकडे शेपटी जाते. चिखलात ताशी पाच किलोमीटरला त्याचं काही वाटत नाही. पण पहिल्या पावसानंतरच्या तेलकट हायवेवर, शेजारून ट्रेलर चाललेला असताना, मला ते नको. आणि गाडीत मी नसणार, बायको असणार. यंत्र तिच्या नकळत मधेच निर्णय बदलेल आणि तिने तो स्टिअरिंगवर ओळखायचा, हे मला पटलं नाही.

तिला मी सगळे प्रकार रविवारी चहाबरोबर समजावून सांगितले. (पुढचे दोन भाग ऐकायला ती थांबली नाही.) तिने एकच विचारलं, "बटण दाबलं नाही तर गाडी आत्ता आहे तशीच ना?" हो म्हटल्यावर विषय संपला. खर्च स्वस्त प्रकाराच्या कितीतरी पट आहे, मजुरी वेगळी, आणि सगळं क्राउन-पिनियन खोलून बसवायचं म्हणजे माप साधणारा कारागीर हवा. तो कोल्हापूरला सापडलाय.

फक्त मागेच बसवतोय. पुढच्या चाकांना लॉक लावला की स्टिअरिंग दगड होतं, आणि आमच्या दीड किलोमीटरला त्याची गरज नाही. बटणावर झाकण असावं ही बायकोची अट, कारण भाचा गाडीत बसला की सगळी बटणं दाबून बघतो. आणि दर पंधरा दिवसांनी एकदा, कोरड्या मोकळ्या कच्च्या रस्त्यावर सरळ चालवत लॉक टाकून काढायचा, नाहीतर ऐन वेळी हवा गळते की काय ते कळायचंच नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी कोल्हापूरला जातेय. तिथे चार दिवस राहायला कुणाकडे जागा असेल तर कळवा, येताना गूळ आणीन.