मातीचे माप

दिवाळीच्या आधी घर सारवायचे, भिंतींना पोतेरे फिरवायचे, म्हणून टोपलीभर पांढरी माती आणण्याची चाल मराठवाड्यातल्या खेड्यांत फार जुनी. काम लहानसे, पण माणसाचा आणि मातीचा व्यवहार या टोपलीपासूनच सुरू होतो. माती उकरावी, वाहावी आणि दुसरीकडे नेऊन टाकावी, ही तीन कामे ज्याला साधली त्याचे घर उभे राहिले, त्याची विहीर झाली, त्याच्या गावाला तळे लाभले. नांदेड आणि लातूर या भागाचा इतिहास राजांच्या सनावळीतून सांगता येतो. तसाच तो खणलेल्या खड्ड्यांतूनही सांगता येईल. या लेखापुरती आपण ही दुसरी वाट धरू.

वाचकहो, प्रथम खरोशाला चला. औसा तालुक्यातील या गावाजवळच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमारास जांभ्या दगडात लेणी कोरली गेली. तेथून कंधारला या. राष्ट्रकूटांच्या वैभवाच्या दिवसांत येथे जगत्तुंग समुद्र नावाचा विस्तीर्ण तलाव झाला. किल्ल्याभोवतीचा रुंद खंदक तर आजही पाहणाऱ्याला थबकवतो. या कामांवर राजांची आणि देवतांची नावे राहिली. ज्यांनी मातीची पाटी डोक्यावर घेऊन चढण चढली, त्यांची नावे मात्र कोणत्याही शिलालेखात नाहीत.

राजांची गोष्ट झाली. घरादाराची गोष्ट निराळी. सामान्य शेतकऱ्याचे खणणे आपल्या गरजेइतकेच असे. ज्वारी साठवायला त्याने कठीण जमिनीत पेव खणले, आत कडबा लावला, तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपले. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आतली कोंदलेली हवा जीव घेते, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. विहिरीची खोली परसांत मोजली जाई. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, तो एक परस. खोली मोजायला माणसाचे शरीरच माप होते, आणि खणायला बळही त्याचेच. काळी माती संपली की मुरूम, मुरूम संपला की काळा पाषाण. मग पहार, छिन्नी, घण आणि सुरुंग. वर यारी उभी करून दगड ओढून काढायचा. एखादी विहीर पुरी व्हायला दोन-तीन उन्हाळे जात.

या विद्येत वडार समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. मातीकाम करणारे माती वडार, गाड्यांतून दगड वाहणारे गाडी वडार, आणि दगड फोडून घडवणारे, अशी त्यांच्यात कामाची वाटणी होती. त्यांच्या मजुरीचे माप ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. खोदलेल्या जागेत मातीचा एखादा उंचवटा मुद्दाम तसाच ठेवीत, म्हणजे किती खोल खणले याचा तोच साक्षीदार. गरिबाला वडारांची मजुरी परवडत नसे, तेव्हा शेजारीपाजारी इर्जिक करीत. एक दिवस सारे एकाच्या शेतावर राबत आणि घरधनी त्यांना जेवू घाली.

१९४८ साली निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण खणणारे हात बदलले नव्हते. १९७२च्या दुष्काळाने त्या हातांची संख्या दाखवून दिली. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मिलोची भाकरी आणि सुकडी. आज ज्यांच्या डोक्याचे केस पिकले आहेत त्यांना ही नावे उच्चारताच उन्हाची तिरीप आठवते. शेतकरी बायकोपोरांसह राबला, पण स्वतःच्या शेतात नव्हे. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी हीच घमेली होती.

इकडे घमेल्यांच्या रांगा लागल्या होत्या. तिकडे पश्चिमेत याच कामासाठी एक लोखंडी हात कधीच तयार झाला होता. त्याची कथा मनोरंजक आहे. १९३०च्या दशकात हॅरी फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टरच्या मागे तेलाच्या दाबावर वरखाली होणारी जोडणी बसवली. नांगर उचलण्यासाठी आता एक दांडी हलवली की पुरे झाले. महायुद्धानंतर, १९४७च्या सुमारास, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये वेन-रॉय या जोडगोळीने ट्रॅक्टरच्या पाठीला तेलाच्या दाबाने चालणारे खोरे जोडले. इंग्लंडातील उटॉक्सिटर गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी २३ ऑक्टोबर १९४५ रोजी एका भाड्याच्या गॅरेजमध्ये धंदा मांडला. त्याच दिवशी त्यांना मुलगा झाला. आधी त्यांनी लढाईतल्या मोडीच्या लोखंडाचा ट्रेलर केला, आणि १९५३ साली पुढे सुपडे व मागे खोरे असलेले यंत्र बाजारात आणले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच जेसीबी. १९७९ साली ही कंपनी हिंदुस्थानात आली, आणि आता कोणत्याही कंपनीचे यंत्र आले तरी आपली माणसे त्याला जेसीबीच म्हणतात!

गंमत अशी की हे यंत्र काम करते ते आपल्या फावड्यासारखेच. फावडे मारणारा माणूस ते पुढे टाकतो आणि माती आपल्याकडे ओढतो. हा लोखंडी हातही तेच करतो. पाय रोवून उभे राहावे, तसे तो आधी दोन बाजूंचे टेकू जमिनीत रोवतो. मोठे यंत्र चौदा-पंधरा फूट खोल जाते. उसाच्या सरीत, फळबागेत फिरणाऱ्या लहान ट्रॅक्टरला असा छोटा हात जोडला तर तो सहा-आठ फूट जातो. घरच्या कामाला याहून अधिक काय हवे? जोत्याचा पाया, नळाची चर, झाडांचे खड्डे, गोठ्यामागचा उकिरडा, सारे आपले आपल्याला करता येते.

मात्र मातीचे नियम यंत्राने बदलत नाहीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. उकरलेला ढीग खड्ड्याच्या काठावर रचला की त्या भाराने कड ढासळते. खोल चरीत आधारावाचून माणूस उतरवणे म्हणजे जिवाशी खेळ.

जड मातीचा भार काय करू शकतो, हे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे साऱ्या देशाने पाहिले. गणेशविसर्जनाची रात्र सरत होती. किल्लारी परिसरात धरणी हादरली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, वरचे मातीचे जाड माळवद, सारे निजलेल्या माणसांवर आले. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. गावकऱ्यांनी हातांनी, जवानांनी खोऱ्यांनी आणि मग यंत्रांनी ढिगारे उपसले. पिढ्यान् पिढ्या उन्हापासून राखणारी माती त्या पहाटे वैरीण झाली.

पुढची परीक्षा पाण्याची. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी! त्याच वर्षी लातूरकरांनी वर्गणी जमवून मांजरेचे पात्र उपसायला घेतले, आणि तेथे ही यंत्रे खरोखर कामी आली. गाळ काढला की पाणी साठवायला जागा होते, हे खरे. पण आपल्या कातळात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. ते थर कोरडे असता नुसते खोल जाऊन काय हाती लागणार? पूर्वी खणणाऱ्याचे हात दुखत, म्हणून तो आधी विचार करी. आता हात दुखत नाहीत.

आणि वडारांचे काय? मजुरांच्या कामावर शक्यतो यंत्र लावू नये, असे २००५च्या रोजगार हमी कायद्याने म्हटले होते. तरी जे काम वीस कुटुंबांना आठवडाभर पोसत असे, ते यंत्र दोन दिवसांत उरकू लागले. सोय झाली, पण भाकरी गेली, हा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही.

म्हणूनच नांदेड जिल्ह्यातील एका साध्या खड्ड्याने हा लेख संपवतो. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. आत भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. म्हणजे चौसष्ट घनफूट, ब्रासही पुरता नाही. सांडपाणी जमिनीत मुरले, गटारे आटली, डास हटले आणि हा प्रयोग ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर गाजला. असला खड्डा फावड्याने दिवसभराचे काम. छोट्या ट्रॅक्टरच्या खोऱ्याला घटकाभराचे. घरातल्या माणसांनी दोरी लावून तो आखावा, पिण्याच्या विहिरीपासून दूर धरावा आणि मगच यंत्र बोलवावे. ज्याला दोरी लावून खड्डा आखता येतो, त्याच्या हाती लोखंडी हात द्यायला हरकत नाही.

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, लातूर-नांदेडची घरेच्या घरे येळवशीला शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात आणि अंबील पितात. पुजायची ती हीच काळी माती. तिला उकरायचे ते किती आणि कशासाठी, याचे बोलणे त्या जेवणाच्या पंगतीत निघाले तर बरे होईल.