शिकविणारा कामगार

मराठवाड्यात १९५८ साल म्हटले की तेव्हाच्या औरंगाबादेत २३ ऑगस्टला स्थापन झालेले विद्यापीठ आठवते. त्याच वर्षी केंद्रीय कामगार शिक्षण मंडळही निघाले, कचेरी नागपुरास. त्याची आठवण कोणी काढीत नाही. मंडळाची रीत अशी: आधी शिक्षणाधिकारी तयार करावयाचे, त्यांनी संघटनांनी पाठविलेल्या कामगारांना शिकवावयाचे, आणि या कामगार-शिक्षकांनी आपापल्या कारखान्यात सोबत्यांचे वर्ग घ्यावयाचे. कायद्याचे कलम वकिलापेक्षा शेजारच्या यंत्रावरच्या गड्याने सांगितले तर लवकर उमगते. मात्र त्याला शिकण्यापुरते मालकाने पगारासह मोकळे सोडावे, यावर सारी मदार होती. चिकलठाण्या-वाळूजच्या कंत्राटी कामगाराची हजेरी बुडाली की मजुरी बुडते. संघटनेने वर्गाला नाव पाठवावे ते कोणाचे?