आखणी ब्रिग्जची, सही परवानाधारकाची

१८१८ साली पेशवाईचा शेवट झाला तेव्हा खानदेशात इंग्रजांच्या हाती जे आले, त्यात राज्य थोडे आणि ओसाडी फार होती. होळकरशाहीतील धुमाकूळ, १८०३ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि भिल्लांचे हल्ले यांमुळे गावेच्या गावे उठून गेली होती. त्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील इजाऱ्याची पद्धत. जो चढी बोली बोलेल त्याच्या पदरात महालाची वसुली टाकायची, आणि त्याने आपले पैसे व वर नफा रयतेकडून हवा तसा काढून घ्यायचा. सरकारी काम मक्त्याने देण्याची ही रीत आपल्याकडे पाश्चात्त्यांनी आणली असे म्हणणाऱ्यांनी खानदेशचा हा इतिहास जरूर चाळावा.

खानदेशचा पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे निवडले. त्यावेळी धुळे म्हणजे ४०१ घरांचे आणि २,५०९ माणसांचे गाव, पांझरा नदी आणि पाटाचे पाणी यांच्यामध्ये कोंडलेले, भोवती बागायत. १८१९ मध्ये ब्रिग्जने कचेऱ्या बांधण्यास मंजुरी मिळवली, दूरदूरचे कारागीर आणवले आणि सुमारे २७ हजार रुपये खर्चून इमारती उभ्या केल्या. व्यापाऱ्यांना त्याने नव्या पेठेत बोलावून घेतले. घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना व नव्याने येणाऱ्यांनाही आगाऊ रकमा दिल्या. बांधकामाची परवानगी ही त्याकाळी अडवणूक नव्हती, आमंत्रण होते. जागा देणारा, पैसा देणारा आणि आखणी करणारा एकच, आणि तो जबाबदार धरता येईल असा सरकारी माणूस होता.

धुळ्याच्या सरळ, एकमेकींना समांतर आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहून पाहुणा चकित होतो, आणि धुळेकर त्याला मोठ्या अभिमानाने सांगतो की ही विश्वेश्वरय्यांची करामत. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले, त्यांनी खानदेशात काम केले आणि पांझरेच्या पाण्यावरील सायफनचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे, हे सारे खरे. परंतु नव्या पेठेची पायाभरणी त्यांच्या जन्माच्याही चाळीस वर्षे आधीची आहे. थोर अभियंत्याला हे श्रेय देताना एका कलेक्टराचे श्रेय आपण विसरतो, इतकेच.

जळगावला ब्रिग्ज लाभला नाही, त्याला लाभला तो कापूस. १८६० च्या सुमारास आगगाडी आली, लगोलग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना खानदेशी रुई हवीशी झाली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. युद्ध संपताच भाव कोसळले, पण गाव टिकले. पोलन पेठ हे तिथले नाव आजही एका इंग्रज कलेक्टराची आठवण देते. धुळ्यात १८६२ साली आणि जळगावात १८६४ साली नगरपालिका स्थापन झाली. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाल्यावर ही दोन गावे दोन जिल्ह्यांची मुख्य ठाणी बनली.

या नगरपालिका बांधकामात काय तपासत होत्या? १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यावरून ते ध्यानात येते. घर बांधणाऱ्याने आधी नोटीस द्यावी, रस्त्यावर ओटा किंवा सज्जा पुढे काढू नये, सांडपाण्याची वाट करावी, पेट घेणारे छप्पर घालू नये. म्हणजे भर होता तो आग, आरोग्य आणि रस्ता यांवर. घर उभे राहील की पडेल ही चिंता घरमालकाची आणि गवंड्याची, आणि त्याला कारणही होते. खानदेशी धाब्याचे घर मातीचे. ते खचू लागले की भिंतीला पोट येते, तुळई वाकते, धाब्यातून पाणी ठिबकते. घरातल्या म्हातारीला ते ओव्हरसिअरच्या आधी कळते. १८७२ साली पांझरेला महापूर येऊन धुळ्यातील घरांची मोठी हानी झाली, तो घाव बाहेरून आलेला होता. आतला दोष मात्र लपून राहत नसे.

सिमेंट काँक्रीट आले आणि ही स्थिती पालटली. खांबात सळई किती मिलिमीटरची आहे, कड्या किती अंतरावर बांधल्या आहेत, वाळू धुतलेली होती काय, हे माल ओतल्यानंतर कोणालाही दिसत नाही. गिलावा आणि रंग झाला की चांगला खांब आणि वाईट खांब सारखेच देखणे. म्हणून पाहणी करायची तर ती माल ओतण्याच्या आधी, जागेवर जाऊन करायला हवी. जोते झाल्यावर एकदा आणि प्रत्येक स्लॅबच्या वेळी एकदा. यासाठी माणसे लागतात, आणि लहान गावांच्या नगरपालिकांपाशी नेमकी माणसेच नव्हती.

कायद्याने अधिकार मात्र भरपूर दिले. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने बांधकामाची नोटीस मुख्याधिकाऱ्याकडे देण्याची तरतूद केली. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने परवानगीची चौकट घातली आणि साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानावे, अशी सोयही ठेवली. ही 'मानीव परवानगी' नागरिकाच्या बाजूची आहे यात शंका नाही. पण तिच्यात एक कबुलीही दडली आहे. कोणी पाहिले नाही तरी पाहिले असे समजायचे. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जमिनीच्या वापराचे आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. साक्री, शिंदखेडा, बोदवड, मुक्ताईनगर अशा गावी नगरपंचायती झाल्या. फलक बदलले, म्हणून अभियंते आपोआप जन्माला आले नाहीत.

मग ही नजर हळूहळू बाहेर गेली. निविदा निघाली नाही, लिलाव झाला नाही, म्हणून त्याला कोणी मक्ता म्हटले नाही. वास्तुविशारदाने आणि परवानाधारक अभियंत्याने नकाशा नियमांत बसतो असे प्रमाणपत्र द्यायचे, रचना अभियंत्याने इमारतीच्या मजबुतीची हमी द्यायची, आणि नगरपालिकेने ते कागद दप्तरी लावायचे. पुढे नकाशा तपासायला संगणक आला, त्याची प्रणाली खाजगी कंपनीने बनवलेली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने तर १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारकाच्या प्रमाणपत्रासह नकाशे व शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी ठरवली. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, टेबलाखालचा व्यवहार आटला असेल, तर त्याचे स्वागतच आहे. अडचण दुसरीकडे आहे. तपासणाऱ्याची फी तो देतो ज्याचे काम तपासायचे आहे, आणि पुढच्या घराचे कामही त्याच वर्तुळातून मिळायचे आहे. जुना इजारदार निदान सरकारला पैसे भरत असे.

काम नगरपालिकेच्या हाती राहिले असते तर सारे निर्मळ झाले असते, असेही नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतील कुटुंबांसाठी हजारो घरकुलांचे काम खाजगी मक्तेदाराला दिले. बरीचशी घरे पुरी झालीच नाहीत. २००६ साली आयुक्तांनी फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यांत लोकप्रतिनिधीही होते. प्रकरण पुढे वरिष्ठ न्यायालयात गेले. लक्ष ठेवणारा आणि लक्ष ठेवायचे तो, हे दोघे एका पंगतीला बसले की पंगत सरकारी आहे की खाजगी हे गौण ठरते.

इंग्लंडने हा प्रयोग आपल्याआधी केला. १९८४ च्या कायद्याने तिथे नगरपालिकेच्या निरीक्षकाऐवजी खाजगी मान्यताप्राप्त निरीक्षक नेमण्याची मुभा बांधकाम करणाऱ्याला मिळाली, आणि दोघांत गिऱ्हाइकासाठी स्पर्धा लागली. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे दगावली. त्या इमारतीच्या नूतनीकरणाची तपासणी नगरपालिकेच्याच खात्याने केली होती, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही चौकशीनंतर २०२२ च्या कायद्याने उंच इमारतींबाबत एक गोष्ट बंद केली, ती म्हणजे आपला निरीक्षक आपणच निवडण्याची मुभा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील सँडी स्प्रिंग्ज हे शहर २००५ साली जन्मले तेच बहुतेक सगळा कारभार एका कंपनीकडे सोपवून. २०१९ मध्ये त्याने बहुतेक कामे परत आपल्या नोकरवर्गाकडे घेतली.

आपल्याकडे तीस वर्षांहून जुन्या इमारतींची मजबुती मालकाने नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासून घ्यावी असा नियम आहे. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी रायगड जिल्ह्यातील महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जण ठार झाले. ती तीस वर्षांच्या जवळपासही पोचली नव्हती. तिच्यापाशी कागद होते, सह्या होत्या. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांच्यावर, आणि त्यांच्याबरोबर नगरपालिकेच्या तत्कालीन मुख्याधिकाऱ्यावर व बांधकाम पर्यवेक्षकावरही.