कित्ता, निबंध आणि वाचक

मराठी निबंधाचा इतिहास सांगताना आपण सहसा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'पाशी, म्हणजे १८७४ पाशी येऊन थांबतो. फार तर लोकहितवादींच्या शतपत्रांपर्यंत मागे जातो. या दोहोंच्या मध्ये, १८५५ साली, एक निबंध छापून आला. त्याची लेखिका पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली, १४ वर्षांची मुलगी होती. मुक्ता साळवेचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय'ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध केला. दलित साहित्याच्या आणि स्त्रियांच्या लेखनाच्या अभ्यासकांनी त्याचे मोल ओळखले आहे. आम्ही येथे त्याच्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहू इच्छितो. हे शाळकरी मुलीचे लेखन आहे. लहान मुलांना लेखन कसे शिकवावे, या आजही न सुटलेल्या प्रश्नाविषयी ते काही सांगते का?

त्या काळी लेखन शिकणे म्हणजे काय होते, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी, मग मोडीचे कित्ते वळवी, पाढे घोकी आणि पत्रांचे मायने पाठ करी. व्यवहाराला लागणारा कारकून घडवण्यास एवढे पुरेसे होते. 'लिहिता येते' याचा अर्थ हात वळणदार आहे, असाच होता. मिशनऱ्यांच्या आणि सरकारी शाळांबरोबर छापील पुस्तके आली, नवे गद्य आले, थॉमस कँडी यांच्या परिश्रमाने विरामचिन्हेही रुळू लागली. परंतु मुलाने स्वतःचे काही सांगावे, अशी अपेक्षा या दोन्ही व्यवस्थांत फारशी नव्हती. कित्त्याला वाचक लागत नाही. त्याला केवळ तपासनीस लागतो.

या पार्श्वभूमीवर मुक्ताचा निबंध वाचला की त्याची रचना नजरेत भरते. वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा प्रश्न ती उभा करते आणि आमचा धर्म कोणता ते कळव, असे थेट देवालाच विनवते. हा तर्क झाला. त्यानंतर साक्ष येते: पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्याची होणारी हत्या, इमारतींच्या पायांत जिवंत गाडलेली माणसे. मग ती पंडितांकडे वळते, त्यांना आपले पांडित्य बाजूला ठेवून ऐकण्यास बजावते, आणि डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे दुःख त्यांच्यापुढे ठेवते. शेवटी ती आपल्याच लोकांना उद्देशून बोलते आणि ज्ञान हे औषध आहे, ते घ्या, असे विनवते.

देव, पंडित आणि आपली माणसे. एका लहानशा निबंधात संबोधन तीनदा बदलते आणि प्रत्येक वेळी आवाजही बदलतो: विनवणी, आव्हान, आर्जव. आपण कोणाशी बोलतो आहोत, हे या मुलीला प्रत्येक वाक्यात ठाऊक आहे. आमच्या मते या निबंधाचे बळ केवळ विषयाच्या भीषणतेत नाही, या संबोधनांतही आहे. शाळेने तिला अक्षर आणि गद्य दिले, 'ज्ञानोदया'ने वाचक दिला. सांगण्याजोगे जे होते ते मात्र ती घरातून आणि वस्तीतून घेऊन आली होती.

मुलाने असे काही लिहिले की यावर शिक्षकांचा हात फिरला असेल, अशी शंका हमखास घेतली जाते. ही शंका लेखनाच्या अध्यापनातला कळीचा प्रश्न पुढे आणते: शिक्षकाच्या हाताने नेमके काय करावे? या प्रश्नाचा सविस्तर विचार मुक्ताच्या निबंधानंतर सातच वर्षांनी एका मोठ्या कादंबरीकाराने केला. लिओ टॉलस्टॉयने १८५९ मध्ये आपल्या यास्नाया पोल्याना या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. १८६२ मध्ये त्याच नावाचे नियतकालिक सुरू करून त्यात त्याने एक लेख लिहिला. लिहायला कोणी कोणाकडून शिकावे, शेतकऱ्यांच्या पोरांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून, हा प्रश्नच त्या लेखाचे शीर्षक होता.

प्रसंग साधा आहे. चमच्याने भरवायचे आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा टोचायचा, अशा अर्थाच्या एका रशियन म्हणीवर टॉलस्टॉयने मुलांना गोष्ट लिहायला सांगितली. मुले म्हणाली, तुम्हीच लिहा. त्याने सुरुवात केली. मुले त्याच्या खांद्यावरून वाचू लागली, चुका काढू लागली, पुढचे सुचवू लागली. गोष्टीतल्या एका गावकऱ्याच्या अंगात बायकी कोट असावा, असा आग्रह फेद्का या मुलाने धरला. वरवर निरर्थक भासणाऱ्या या एका तपशिलातून ते घर, ते दारिद्र्य आणि तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला, हे पाहून टॉलस्टॉय चकित झाला.

या अनुभवातून त्याने काढलेले नियम आजही मुळातून वाचण्याजोगे आहेत. विषय भरपूर द्यावेत आणि ते मुलांसाठी मुद्दाम सोपे केलेले नसावेत, शिक्षकालाही गंभीर वाटावेत असे असावेत. नमुना म्हणून मुलांनी लिहिलेलेच त्यांना वाचायला द्यावे. लेखन वाचताना वहीची टापटीप, अक्षर, शुद्धलेखन यांवर शेरा मारू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रचनेतले यांत्रिक ओझे, अनेक कल्पनांतून एक निवडणे, सांगितलेले ध्यानात ठेवणे, दुवे जुळवणे, हे आरंभी शिक्षकाने उचलावे आणि हळूहळू मुलाच्या हाती सोपवावे. शिक्षकाचा हात फिरण्यात गैर काहीच नाही. तो ओझे उचलण्यासाठी फिरतो की कोट उतरवण्यासाठी, एवढाच प्रश्न आहे.

मुलांना वाचक देण्याची ही कल्पना विसाव्या शतकात फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाने वर्गात छापखाना आणून तडीस नेली. मुले स्वतःचे मजकूर लिहीत, छापण्यासाठी निवडत, खिळे जुळवत आणि दूरच्या शाळांतील मुलांना पाठवत. असे मजकूर निरुपद्रवी राहतीलच असे नाही. मुलांच्या लेखनावरून उठलेल्या गदारोळात १९३३ मध्ये फ्रेनेला सें पॉल येथील सरकारी शाळा सोडावी लागली. मूल खरे लिहू लागले की त्याची किंमत शिक्षकालाही मोजावी लागते.

आपल्याकडे कित्ता गेला, परंतु त्याची जागा 'माझा आवडता ऋतू' आणि 'मी मुख्यमंत्री झालो तर' यांच्या मार्गदर्शकांनी घेतली. मूल ते पाठ करते, शिक्षक ते तपासतात, वाचत कोणीच नाही. घरी पावरी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाने स्वतःचे पहिले वाक्य लिहिले की त्यावर आधी लाल शाई उमटते. त्याच्या अंगावरचा बायकी कोट आपण वर्गाच्या दाराशीच काढून घेतो.

फेद्काला आयुष्यभर एक वाचक लाभला. वासिली मोरोझोव्ह या खऱ्या नावाने त्याने लिहिलेल्या टॉलस्टॉयच्या आठवणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुक्ता साळवेचा मात्र हा एकच निबंध आज आपल्यापुढे आहे. मुलाचा पहिला निबंध त्याच्या अनुभवातून येऊ शकतो. दुसरा येण्यासाठी पहिला कोणीतरी मनापासून वाचावा लागतो.