डीएचसीपी फेलओव्हर : जोडीच्या फायरवॉलमधील बिघाडशोध

नेटवर्कवरील यंत्रांना आयपी पत्ते वाटण्याचे काम दोन सर्व्हरांनी एकमेकांच्या नोंदी जुळवत करणे म्हणजे डीएचसीपी फेलओव्हर. मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये या जुळवणीचे नियम नाहीत. आयपीव्ही४ साठी त्यांचा मसुदा निघाला, पण तो मानक झाला नाही. आयएससी या संस्थेच्या सर्व्हरने तो राबवला आणि पीएफसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये तोच वापरात राहिला. अशा दोन फायरवॉल जोडीने लावल्या की बिघाड शोधणारे बहुधा फसतात, कारण ते त्या जोडीला एकच यंत्र समजतात. प्रत्यक्षात त्यांच्यात दोन वेगळे प्रोटोकॉल चालतात. जोडीचा सामाईक पत्ता कोणाकडे राहील हे कार्प हा प्रोटोकॉल ठरवतो आणि काही सेकंदांत तो पत्ता दुसरीकडे सोपवतो. डीएचसीपीत मात्र दोन्ही सर्व्हर जागे असतात. जोडीदार गप्प झाला, तर तो बंद पडला की फक्त मधला दुवा तुटला हे उरलेल्याला कळू शकत नाही. म्हणून तो मोकळ्या पत्त्यांपैकी आपल्याच वाट्यातले देतो. तो वाटा संपला की इंटरनेट सुरू असूनही नव्या यंत्राला आयपी मिळत नाही आणि त्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. जोडीदार खरोखर बंद आहे, हे सहसा माणसालाच सर्व्हरला सांगावे लागते.

माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी वीज गेली-आली की दोन्ही फायरवॉल एकदमच सुरू होतात. एकीची घड्याळाची बॅटरी संपलेली असेल, तर ती जुन्या तारखेवर उठते. बाहेरची लाइन आलेली नसेल, तर नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या एनटीपीकडूनही ती मिळत नाही. घड्याळांत ६० सेकंदांहून जास्त फरक असला की आयएससीचा सर्व्हर जोडीदाराची जोडणीच नाकारतो. केबल आणि नियम ठीक असतात, म्हणून दोष सापडत नाही. पहिली तपासणी घड्याळांचीच हवी. त्यानंतर पत्ते पाहावेत: जोडीदार म्हणून समोरच्या फायरवॉलचा स्वतःचा पत्ता, आणि यंत्रांना गेटवे म्हणून सामाईक पत्ता. यांची अदलाबदल नेहमी आढळते.

एवढी उठाठेव कशाला, लीजची म्हणजे मुदतीने दिलेल्या पत्त्यांची फाइल पुसून सेवा पुन्हा सुरू करावी, असे म्हणणारे असतात. पण एका बाजूची फाइल पुसली की तो सर्व्हर ‘रिकव्हर’ स्थितीत जाऊन थांबून राहतो. दोन्हीकडची पुसली, तर कोणता पत्ता कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक उरत नाही आणि एकच पत्ता दोघांना जाऊ शकतो. लहान कार्यालयाने एकच सर्व्हर आणि लांब मुदतीची लीज ठेवावी, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. ८ दिवसांची लीज घेतलेले यंत्र चौथ्या दिवशी नूतनीकरण मागते. काही तासांचा खंड त्याला जाणवतही नाही. ठरावीक डेस्कटॉप असलेल्या ठिकाणी मला हाच मार्ग योग्य वाटतो. रोज नवे मोबाइल वायफायला जोडले जातात अशा महाविद्यालयात तो अपुरा पडतो.

आयएससीने आपल्या जुन्या सर्व्हरची देखभाल २०२२ मध्ये थांबवली. त्याच्या जागी आलेल्या ‘केआ’त जोडीची रचना वेगळी आहे, तरी घड्याळांची अट सुटलेली नाही: ३० सेकंदांच्या फरकाला इशारा मिळतो आणि ६० सेकंद ओलांडले की जोडी संपुष्टात येते. मग घड्याळे जुळवून दोन्ही सर्व्हर पुन्हा सुरू करावे लागतात.