बोलणे थांबवा, चित्र येत आहे

सावनेरहून नागपूरला तारेच्या फोनवर बोललो, तर आवाज ओळखू येतो, पण थोडा चेपल्यासारखा वाटतो. याचे कारण असे की, हा फोन सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचाच पट्टा पुढे जाऊ देतो. बोलणे समजायला तेवढा पुरतो. या अरुंद वाटेने चेहरा कसा पाठवायचा?

अडचण किती मोठी होती, याचा हिशेब वर्गात फळ्यावर मांडता येईल. आपल्याकडच्या जुन्या दूरचित्रवाणीवर सेकंदाला ६२५ रेषांची २५ चित्रे येत. त्यासाठी सुमारे ५० लाख हर्ट्झचा पट्टा लागे. फोनचा पट्टा ३१०० हर्ट्झ, म्हणजे सुमारे १६०० पट अरुंद. दूरचित्रवाणीवर जे चित्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागात येई, त्याला फोनवरून मिनिटाहून अधिक वेळ लागेल!

मग एक तर वाट रुंद करायची, नाहीतर चित्रातला तपशील कमी करून ते सावकाश पाठवायचे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५६ मध्ये साध्या तारांवरून दर दोन सेकंदांना एक स्थिर चित्र पाठवून पाहिले. पुढे मात्र त्यांना हलत्या चित्राचा मोह पडला. १९६४ च्या ‘पिक्चरफोन’ला तारांच्या तीन जोड्या लागत. न्यूयॉर्कहून शिकागोला तीन मिनिटे बोलायचे, तर २७ डॉलर पडत. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात ही सेवा सुरू झाली, तेव्हा महिन्याचे भाडे १६० डॉलर होते. ग्राहक मिळाले नाहीत, यात नवल नाही.

सावकाशीचा मार्ग हौशी रेडिओवाल्यांनी अधिक चिकाटीने धरला. कॉपथॉर्न मॅकडोनल्ड या तरुणाने १९५८ मध्ये ‘मंदगती दूरचित्रवाणी’ मांडली. तिच्या रूढ झालेल्या पद्धतीत १२० रेषांचे एक चित्र आठ सेकंदांत जाई. काळ्या ठिपक्याला १५०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्याला २३००, आणि करड्या छटांना मधले सूर. थोडक्यात, चित्र चक्क ऐकू येई! याच घराण्यातल्या पद्धतीने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून आजही अधूनमधून चित्रे प्रक्षेपित होतात.

१९८८ च्या सुमारास मित्सुबिशी कंपनीने ३९९ डॉलरला ‘व्हिजिटेल’ हे यंत्र विकायला काढले. ते नेहमीच्याच फोनला जोडायचे. बटण दाबले की चेहऱ्याचे एक कृष्णधवल चित्र यंत्राच्या स्मृतीत गोठे, आणि पाच-साडेपाच सेकंदांत सुरांच्या रूपाने पलीकडे पोचे. तेवढा वेळ दोघांनीही गप्प बसायचे, कारण वाट एकच होती.

हे मुलांना करून पाहता येईल. चौकटींच्या कागदावर आठ बाय आठ घरांत एक अक्षर रंगवावे. ते पाहणाऱ्या मुलाने डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, ठरावीक तालात बासरी वाजवावी : काळ्या घराला खालचा सा, पांढऱ्याला वरचा. पाठमोऱ्या बसलेल्या मुलाने ऐकून घरे भरावीत. सेकंदाला एक घर धरले, तर ६४ सेकंद लागतील. मध्येच कोणी बोलले, की एखादे घर निसटते आणि पुढच्या सगळ्या ओळी सरकतात.