काच कुणाच्या हातात होती?

पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. पाहुणे आले की आम्ही नाशिककर त्यांना तिथं घेऊन जातो आणि १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट सांगतो. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. गेले तेही नाशिकमध्येच, १९४४ साली. पण सिनेमाच्या आधी या माणसानं फोटोग्राफर म्हणून पोट भरण्याची धडपड केली होती, ते मागे पडतं. गोध्र्यात स्टुडिओ काढला, तर प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर गिऱ्हाईक येईना. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो, आयुष्य कमी करतो, अशी लोकांची समजूत होती.

हे आधी सांगण्याचं कारण आहे. ‘मुसलमानांना फोटोचं वावडं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. बडोद्यातले ते न आलेले गिऱ्हाईक काही सगळे मुसलमान नव्हते. कॅमेऱ्याची भीती तेव्हा सगळ्यांनाच होती, आणि ती सगळी अडाणीपणातून आलेली होती असंही मला वाटत नाही.

फाळक्यांच्या काळात फोटोची काच बाजारात तयार मिळू लागली होती. त्याआधीची पिढी ती स्वतः बनवायची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं १८५१ साली ही रीत जाहीर केली. कापूस तीव्र आम्लांत बुडवून धुतला की तो दारूगोळ्यासारखा पेट घेणारा होतो. तो ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की पाकासारखं चिकट द्रावण मिळतं, ते कलोडियन. त्यात आयोडाइडचे क्षार घालायचे. स्वच्छ पुसलेल्या काचेवर ते ओतायचं, काच हातात कलती करून चारही कोपऱ्यांना पोहोचवायचं आणि उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून परत बाटलीत घ्यायचं. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं. निथळती काच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ती सुकायच्या आत धुवायला पळायचं. या सगळ्याला थंड हवेत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. वैशाखात ईथर इतक्या झपाट्यानं उडतं की तेवढीही नाहीत. म्हणून बाहेरगावी जायचं तर तंबू, बाटल्या, पाणी, काचा असा संसारच बरोबर न्यावा लागे. चांदीच्या द्रावणानं बोटं काळी पडत. काच शेवटी साफ करायला पुष्कळदा सायनाइड वापरत, म्हणजे जिवाशीच खेळ.

या काचेची एक खोड आहे. तिला निळा उजेड दिसतो, लाल-पिवळा जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे आभाळ पांढरंफटक येतं आणि गव्हाळ कातडी असते त्याहून काळी. पानानं रंगलेले ओठ, मेंदीचे हात सगळं काळं. जुन्या फोटोंतले आपले पूर्वज इतके काळवंडलेले का दिसतात, याचं निम्मं उत्तर त्या रसायनात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर काच धरणाऱ्यात आहे. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्यात इंग्रज अंमलदारांबरोबर डॉ. नारायण दाजी, म्हणजे भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ, उत्साहानं काम करत. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिचंद चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. म्हणजे ही कला आपल्या लोकांच्या हाती लवकर आली. पण बाजाराला हवे होते ‘नमुने’. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. माणसं एका काचेवर घेतलेली, मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला. खाली माणसाचं नाव नाही, जातीचं.

हाच उद्योग पुढे सरकारी झाला. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचं पुस्तक १८६८ ते १८७५ या काळात निघालं, फोटो साडेचारशेहून अधिक. सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनला गेले तेव्हा त्यांनी हे पुस्तक इंडिया ऑफिसमध्ये पाहिलं. बरोबर मुलगा सय्यद महमूद होता. हिंदुस्थानात नोकरीला जाऊ पाहणारा एक इंग्रज तरुण पानं चाळत होता. त्यानं महमूदला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद हो म्हणाला, आणि लाजून लगेच पुस्ती जोडली की आपण इथले मूळ रहिवासी नाही, आपले पूर्वज बाहेरून आलेले. सर सय्यदांना त्या पुस्तकानं फार यातना झाल्या. त्या मला समजतात. महमूदचं उत्तर मात्र मला पचत नाही. अश्रफांना ते सुचलं, कारण त्यांना सुटायला ती वाट होती. आम्ही पिंजारी, बागवान, तांबोळी इथल्याच मातीतले. त्या पानावरून उठून जायला आम्हाला जागा नव्हती.

मग आपण काच हातात घेतली तेव्हा काय केलं? मुहम्मद सादिक हा इजिप्तच्या लष्करातला इंजिनियर. त्यानं १८६१ साली मदिनेचे आणि १८८० साली मक्केचे फोटो घेतले, दोन्ही शहरांचे ते पहिले फोटो मानले जातात. अरबस्तानच्या उन्हात ओली काच सांभाळणं म्हणजे काय, याचा अंदाज वर आलाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या एच. ए. मिर्झा अँड सन्सनी हरमैनचे फोटो विक्रीला आणले. आज आपल्या घरोघरी काबा शरीफची फ्रेम दिसते, तिचं मूळ या लोकांच्या कामात आहे. आमच्या जुन्या नाशिकच्या घरातही ती होती. तिच्याखाली बसणाऱ्या माझ्या दादीचा स्वतःचा फोटो मात्र एकच, हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला.

तसवीर जायज की नाजायज हा वाद उलेमांनी निकरानं घातला. हिंदुस्थानात देवबंदच्या मोठ्या आलिमांचा कल मनाईकडे राहिला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी उलट पुस्तिकाच लिहिली. त्यांचं म्हणणं, फोटो म्हणजे नवी निर्मिती नाही, अल्लाहनंच पाडलेली सावली धरून ठेवणं आहे. उर्दूत फोटोला ‘अक्स’ म्हणतात, म्हणजे प्रतिबिंब, त्यातही हाच विचार आहे. मला हा युक्तिवाद पटतो. तरी दोन्ही बाजू सावली धरण्याबद्दलच भांडत राहिल्या आणि ती पुढे कोण विकतो, कोणत्या नावानं विकतो, हे विचारायचं राहून गेलं असं वाटतं.

हल्ली ही ओली काच जगभर परत आली आहे. गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफीसारख्या ठिकाणी फोटोच्या जुन्या रीती शिकवल्या जातात. आजचे कारागीर बहुधा एकच सुटी काच बनवून विकतात. तिच्यामागे काळा कागद किंवा कापड धरलं की फिकट निगेटिव्ह सरळ चेहरा दाखवतं. यातली एक गोष्ट मला फार आवडते. ज्याचा चेहरा, त्याच्याच हातात ती काच देता येते आणि दुसरी प्रत मागे उरत नाही. भीती एवढीच की गिऱ्हाइकाला पुन्हा दाढीवाला फकीर आणि विडी ओढणारा म्हातारा हवा असेल, आणि खाली पुन्हा नाव नसेल.

आपल्या गावांतल्या बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर अजून जिलेटिनच्या काचा पडून असतात. कुणाकडे असतील तर भंगारात देऊ नका. काच कडेनं धरा. मंद दिसणारी बाजू चित्राची, तिला बोट लावू नका, ओल्या फडक्यानं तर मुळीच पुसू नका. प्रत्येक काच वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळून उभी ठेवा, एकावर एक रचू नका. आणि घरातलं जे वडीलधारं माणूस चेहरे ओळखू शकेल, त्याला उजेडासमोर धरून दाखवा आणि कागदावर नावं लिहून घ्या.